कांडी संपताना

टेबलावर तीन डब्या.
पहिली काळी, पत्त्यांच्या कॅटाएवढी,
कुरिअरवाल्यानं वडगावात तीनदा पत्ता विचारून
आणून दिलेली, सहा हजार दोनशेला.
दुसरी मेडिकलला शिकणाऱ्या एका पोराची,
रविवारपर्यंत उसनी.
तिसरी मल्लेश अंगडीनं स्वतः जोडलेली,
निपाणीच्या तपकिरीच्या डबीत.
झाकण उघडलं की आधी शिंक येते, मग आवाज.

नऊ व्होल्टची बॅटरी तो जिभेला लावून बघतो.
"आंबट लागायलीय. जिवंत आहे मर्दा."

परीक्षेला गाणं घेतलं नाही.
आवडत्या गाण्यात कान मऊ पडतो,
वाईट मशीनलाही पास करतो.
घेतली ती चौदा मिनिटं,
माग इळकलच्या माणसाला विकला
त्याच्या आदल्या दिवशी फोनवर भरून ठेवलेली.

मल्लेशनं डब्यांवर पंचा टाकला.
कुठली वायर कुठं गेली मला दिसू नये.
मी वहीत रकाने आखले: खर्ज, मधलं, वरचं,
आणि एक बिननावाचा.

पहिल्या फेरीत
धोट्याचा आपट थेट छातीवर.
चांगला. पण प्रत्येक आपट सारखाच,
शाळेतल्या कवायतीसारखा.

दुसऱ्या फेरीत सगळं स्वच्छ,
इतकं की मागाच्याही मागं
पत्र्यावरून चाललेलं मांजर,
आणि गल्लीत भाजीवाली कन्नडात भाव सांगतेय,
आई मराठीत कमी करतेय,
दोघींपैकी एकीलाही भाषा बदलायची गरज वाटत नाही.

तिसरीत सूं. एकसारखी सूं.
माग जणू तापल्या तव्यावर ठेवलाय.
तरी धोटा टोकाला जाऊन परत फिरताना
पापणी लवेल एवढी जी पोकळी असते
ती फक्त इथं सापडली.
बिननावाच्या रकान्यात मी एक टिंब दिलं.

तेवढ्यात आप्पा आले.
"काय ऐकायलास?"

बत्तीस वर्षं यंत्रमागाशेजारी उभं राहून
त्यांच्या कानांचा वरचा मजला रिकामा झालाय.
कुकरची शिट्टी त्यांना दिसते, ऐकू येत नाही.
अशा माणसापुढं माझे तीनपैकी दीड रकाने रद्द.
तरी हेडफोन घातला, टोपी न काढता, टोपीवरूनच.

एकावर मान हलवली.
एकावर म्हणाले, "बारीक आहे. आजारी माणसागत."
मग मल्लेशनं पंच्याखाली काहीतरी बदललं
आणि आठव्या मिनिटाला,
मी शंभरदा ऐकलेल्या आणि काहीच न ऐकलेल्या जागी,
आप्पांचा उजवा हात वर आला,
हवेतला दांडा धरून मागं ओढला.

"कांडी संपत आलती. थांबवायला नको?"

त्या दिवशी माग मी चालवत होतो.
आपोआप थांबायचा खटका केव्हाच मोडलेला.
बाणा संपल्यावरही बारा धोटे रिकामे धावले,
चौदा मिनिटांत तेही आहेत.
तेवढी फट असलेलं एक लुगडं
कुणाच्या तरी कपाटात आता घडी घालून असेल.

"कुठली रे ही?" मी विचारलं.
मल्लेशनं पंचा उचलला.
वायर कुठल्याच डबीत नव्हती.
"गडबडीत थेट फोनला लावली बघ," म्हणाला,
आणि उगीचच बॅटरी पुन्हा जिभेला लावली.

आप्पांना यातलं काही ऐकू गेलं नाही.
त्यांनी तपकिरीची डबी उघडली,
आतलं सर्किट, तांबड्या-हिरव्या वायरी
डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिल्या,
आणि तरीही
कोपऱ्यात नख फिरवून
एखादी चिमूट उरलीय का, ते बघितलं.